मी बरं केलेलं हृदय

माझ्या नवऱ्याचं हृदय मी बरं केलं. हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. गोळ्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिल्या, कबूल. पण लिहून दिलेली गोळी माणसाच्या पोटात जायला घरात कुणीतरी खमकं लागतं, आणि ती खमकी बाई मी होते. आता हे मी त्याच्यासाठी केलं असं म्हणून कुणी माझी आरती ओवाळू नका. मी ते माझ्या पाठीसाठी केलं.

घोलवडला आमची चिकूची वाडी. लग्न होऊन मी तलासरीहून तिथं आले आणि हातावरची मेंदी उतरायच्या आत नवऱ्याची पहिली थोबाडीत बसली. कारण काय, तर चहा गार होता. मीही काही गरीब गाय नव्हते. दुसऱ्या वेळी हात उठला तेव्हा मी चहाचं भांडंच भिरकावलं, ते त्याच्या खांद्याला लागलं आणि त्याबद्दल मला दुप्पट मिळालं. सासूबाई म्हणाल्या, "हिची जीभ फार चालते." म्हणजे माझा हात उठला तर तो माझा स्वभाव, आणि त्याचा उठला तर तो दिवसच वाईट. अशीच वर्षं गेली. सांगायला गेलं तर प्रत्येक मार वेगळा सांगता येईल, पण ऐकणाऱ्याला कंटाळा येतो, हे मला अनुभवानं माहीत आहे.

ज्या दिवशी त्याचं प्रेशर सापडलं, त्या दिवशी दुपारी माल न्यायला ट्रक आला होता. ड्रायव्हर हा असा आडदांड. क्रेट भरायला उशीर झाला म्हणून त्यानं माझ्या नवऱ्याला सगळ्या मजुरांसमोर आईवरून शिव्या घातल्या. माझा नवरा हसला. हसून म्हणाला, "बसा शेठ, पाणी घ्या," आणि स्वतः त्याला पाण्याचा तांब्या आणून दिला. ट्रक फाटकाबाहेर गेला. मग तो घरात आला, दार लावलं आणि मला धरलं. केस मुठीत धरून त्यानं माझं डोकं दोनदा भिंतीवर आपटलं. तिसऱ्यांदा आपटणार, तोच त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. माझ्या साडीवर, भिंतीवर, फरशीवर रक्तच रक्त. सासूबाई धावत आल्या आणि ओरडल्या, "अगं बाई, फोडलंस की रे हिला!" मी म्हटलं, "आई, हे माझं नाही." एकदा तरी ते माझं नव्हतं.

नाक काही थांबेना. रिक्षात घालून डहाणूला नेलं. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी नाकात कापूस कोंबला, दंडाला पट्टा बांधला, आणि आकडा बघून पुन्हा बांधला. एकशे नव्वद आणि एकशे दहा. मग छातीवर जेल लावून टूडी इको काढला. पडद्यावर काळंपांढरं काहीतरी उघडझाप करत होतं.

"वाडीला पाणी पंपानं देता ना?" बाईंनी विचारलं. "पुढची पाइपलाइन तुंबली तर पंपाचं काय होतं?"

"जोर लावतो. तापतो," नवरा म्हणाला.

"तुमचं हृदय वर्षानुवर्षं तसा जोर लावतंय. प्रेशर जास्त, म्हणून त्याला दरवेळी जास्त ताकदीनं ढकलावं लागतं. त्यानं त्याचा स्नायू जाड झालाय. ही भिंत बघा."

नवऱ्याची छाती फुगली. नाकात कापूस असूनही गडी खूश! "जाड म्हणजे दणकटच ना, बाई?"

"दंड जाड झाला तर दणकट. हे जाड झालं की ताठ होतं. धड सैल पडत नाही, त्यामुळे रक्त पुरेसं भरत नाही. मग दम लागतो. आणि असंच सोडून दिलं तर एक दिवस ते ठोकाच चुकवतं." बाई माझ्याकडे वळल्या. "पण प्रेशर खाली आणलं ना काकू, की ओझं कमी होतं, आणि ही भिंत हळूहळू परत पातळ होते. महिने लागतील, वर्षं लागतील. गोळी मात्र रोज. एक दिवस चुकवायची नाही."

दम लागतो, हे मला त्यांच्याआधी माहीत होतं. दोन वर्षं झाली होती, मारताना त्याला चार-पाच तडाख्यांतच धाप लागायची. मग तो ओटीवर जाऊन बसायचा, आणि मी उठून तोंड धुवायची. ती धाप ऐकू आली की मी सुटले असं समजायचे. हे त्या बाईंना कसं सांगणार?

मी इतकंच विचारलं, "राग कमी होईल ना त्यांचा?"

बाई लिहीत होत्या. म्हणाल्या, "बरं वाटेल त्यांना."

घरी आल्यावर सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "तरीच! म्हणून हात उठतो याचा. याच्या बापाचंही असंच होतं. प्रेशरच मेलं ते! तू गोळी देत जा पोरी, शांत होईल." आणि खरं सांगते, मला त्या दिवशी आनंद झाला. हसू नका. इतकी वर्षं ज्याला नाव नव्हतं त्याला नाव मिळालं होतं, आणि त्याची गोळी मेडिकलमध्ये मिळत होती. भिंत पातळ झाली की मार थांबणार. मी त्यावर माझं सगळं लावलं.

प्रेशर मोजायचं मशीन आणलं. रोज सकाळी मोजायचं आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहायचा. ज्या दिवशी हात उठला, त्या दिवशीच्या चौकटीत कोपऱ्यात एक काळं टिंब. आकडे उतरतील तशी टिंबं कमी होतील आणि एक दिवस अख्खा महिना कोरा निघेल, असं माझं स्वप्न. जेवणातलं मीठ तोडलं. पहिल्याच दिवशी अळणी वरणाचं ताट माझ्या तोंडावर आलं, भुवई फाटली. टाके घालून आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अळणी वरण वाढलं. हट्टाला मीही कमी नाही.

गोळी सकाळची होती. तो वाडीत जायला निघाला की मी फाटकाशी गाठून त्याच्या तळहातावर ठेवायची. "वाडीत पाण्याबरोबर घेतो," म्हणायचा आणि जायचा. पावसात आकडे खाली आले. मी गावभर सांगत सुटले. थंडी लागली तसे चढले. "थंडीनं वाढतं," सासूबाई म्हणाल्या. उन्हाळ्यातही चढलेलेच. पुढचा पाऊस आला, उतरले. पुन्हा थंडी, पुन्हा वर. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवून दिली. पुन्हा इको काढला तर भिंत जिथल्या तिथं. "रोज घेतात ना?" त्यांनी मला दोनदा विचारलं. मी शपथेवर सांगितलं, रोज. माझ्या हातानं देते.

मग तो मार्चमधला दिवस. पॅकिंग शेडमध्ये मी वाडीतल्या बायकांबरोबर चिकू निवडत बसले होते, आणि कशावरून तरी मोठ्यानं हसले. बस्स. तो झेला घेऊनच आत आला. झेला म्हणजे चिकू उतरवायचा लांब बांबू, टोकाला जाळी बांधलेली. बायका पांगल्या. पहिला फटका माझ्या पाठीवर बसला, दुसरा पोटरीवर. ओठ दाताखाली येऊन तोंडात रक्त आलं. तिसरा आला तेव्हा मी खाली बसले आणि बांबू शेडच्या खांबावर आदळला. काडकन आवाज झाला. मुठीकडची बाजू उभी चिरली, आतला चिंधीचा बोळा उडाला, आणि बांबूच्या पोकळीतून पांढऱ्या गोळ्या भसाभसा सांडल्या. चिकूंवर, मातीवर, माझ्या पदरात. चांगल्या पसाभर!

त्याला धाप लागली होती.

"या काय?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघेना. "ताडीवर कशी घेणार?" म्हणाला.

आता हे आमच्याकडचं सांगायला हवं. थंडीपासून पाऊस पडेपर्यंत आमच्या भागात सकाळची ताडी चालते. झाडावरून उतरली की ताजी, गोड. वाडीत कामाला लागण्याआधी माझा नवरा दोन लोटे रिचवायचा. आणि ताडीवर गोळी पडली की पोटात विष होतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, म्हणजे तसं सगळे मानतात. मग दोनांतलं एक सोडायचं. त्यानं गोळी सोडली. पावसात ताडी बंद, तेव्हा मात्र इमानदारीत घेत होता. मी थंडीला शिव्या घालत होते आणि गोळ्या झेल्यात जात होत्या.

"टाकून का नाही दिल्या मग?"

"औषध पायदळी जाऊ नये," तो म्हणाला. अगदी मनापासून! ज्या माणसानं आत्ता माझी पोटरी फोडली होती, तो औषधावर पाय पडू नये म्हणून दोन मोसम बांबूत गोळ्या साठवत होता. मला हसूच फुटलं. तोंडात रक्त आणि मी हसतेय, बायका दारातून बघतायत. मग मी गुडघ्यांवर बसून एकेक गोळी वेचली आणि त्याची समजूत काढायला लागले. मार मी खाल्लेला, आणि समजूत त्याची! "होतं असं. आपण बाईंना विचारू," असं म्हणत होते.

कारण मी मनातून खूश होते, हे कुणाला कळणार? औषध लागूच पडलं नव्हतं, कारण ते पोटात गेलंच नव्हतं. म्हणजे मागची सगळी टिंबं धरायची नाहीत. मी ते कॅलेंडर चुलीत घातलं.

डॉक्टरीणबाई जाम चिडल्या. मग म्हणाल्या, "ताडी सोडता आली तर उत्तमच. पण गोळी सोडायची नाही. संध्याकाळी जेवल्यावर घ्या, तेव्हा ताडी नसते ना?" नसायची. तेव्हापासून रोज जेवणाचं ताट उचलायच्या आधी मी गोळी द्यायची, पाणी द्यायची आणि "जीभ दाखवा" म्हणायची. तो निमूट दाखवायचा. आणि गंमत अशी की हळूहळू त्याला त्याची गोडी लागली. आकडा चांगला आला की वाडीत सांगायचा. ताडीही एका लोट्यावर आली. आकडे उतरत गेले. एकशे साठ, एकशे पन्नास, एकशे चाळीस. डिसेंबरातही चढले नाहीत. वाडीत झपाझप चालायला लागला, जिना चढून आला तरी दम नाही.

टिंबं मी नव्या कॅलेंडरात पुन्हा काढायला लागले होते. ती कमी होत नव्हती. मी स्वतःला सांगितलं, महिने लागतील, वर्षं लागतील, बाईंनीच सांगितलंय. आधी भिंत उतरेल, मग राग उतरेल. रांगेनं होईल.

मग एका सकाळी आकडा आला एकशे बावीस. मी तो ठळक लिहिला, भोवती गोल काढला. त्याच दुपारी तो जेवायला आला तेव्हा मी फोनवर आईशी बोलत होते. आई तलासरीला एकटी असते. ताट वाढायला उशीर झाला, एवढंच. त्यानं फोन हिसकावून भिंतीवर फोडला आणि माझा डावा हात पाठीमागे पिरगाळून मला खाली पाडलं. मग लाथा. कमरेत, बरगडीत, पुन्हा कमरेत. मी अंगाचं मुटकुळं करून त्या धापेची वाट बघत राहिले. चार झाल्या. पाच झाल्या. आता दमेल, आता बसेल. दहा झाल्या, तो दमला नाही. कान देऊन ऐकत होते, श्वास अगदी सरळ चालला होता. वाट बघता बघता मला एकदम कळलं की ती धाप मीच बंद केली होती. रोज संध्याकाळी पाण्याच्या ग्लासाबरोबर.

तरी बघा माणूस किती वेडं असतं. तो गेल्यावर मी उठले आणि मशीनचे सेल बदलले. म्हटलं मशीनच खोटं दाखवत असेल. नव्या सेलवरही संध्याकाळी एकशे चोवीस.

आठवड्यानं इकोची तारीख होती. कॅलेंडर गुंडाळून घेतलं आणि दोघं डहाणूला गेलो. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मोजलं, जुना रिपोर्ट काढून शेजारी धरला आणि खुर्चीतून जवळजवळ उठल्याच. "काकू, उतरली! भिंत उतरली. जवळजवळ नॉर्मल. इतकी काळजी घेणारं घर मी फार कमी बघते." नवरा शर्टाची बटणं लावत हसत होता. बाईंनी पुन्हा प्रेशर मोजलं. एकशे वीस, ऐंशी. मग कॅलेंडर उलगडून आकडे वाचायला लागल्या आणि थांबल्या.

"ही टिंबं कसली?"

मी म्हटलं, "गोळी चुकलेले दिवस."

"खोटं!" नवरा भडकला. "एक दिवस चुकवली नाही मी, बाई. जीभ दाखवतो रोज. हिला विचारा."

त्याचा इतका खरेपणा मी लग्न झाल्यापासून बघितला नव्हता. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलायला दुसरं काही शोधत होते आणि मला काही सुचेना, आणि मग एकदम वाटलं, कशाला? कुणासाठी?

"त्या दिवशी त्यांनी मला मारलं," मी म्हटलं. "प्रत्येक टिंबाला."

नवरा म्हणाला, "प्रेशरमुळं होतं ते. आमच्या वडिलांनाही होतं."

बाईंनी गोल काढलेल्या चौकटीवर बोट ठेवलं. ठळक आकडा, कोपऱ्यात टिंब. "या दिवशी एकशे बावीस होतं तुमचं." मग हळू आवाजात, मला म्हणाल्या, "काकू, प्रेशरनं डोकं दुखेल, दम लागेल, हृदय जाड होईल. प्रेशर कुणाला मारायला लावत नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सांगितलं होतं सगळ्यांनी. आणि मी ऐकलं होतं, कारण मला ते हवं होतं.

नवऱ्याला त्यांनी बाहेर बसवलं. माझा डावा दंड पट्टा बांधण्यासारखा नव्हता, म्हणून उजव्याला बांधला. माझं प्रेशर कुणी कधी मोजलं नव्हतं. घरात मशीन होतं, रोज हातात घेत होते, पण स्वतःच्या दंडाला बांधावं हे एकदाही सुचलं नाही. एकशे सत्तर आणि शंभर. बाईंनी मला त्याच टेबलावर झोपवलं, तोच गार जेल, तोच पडदा. माझं उघडझाप करणारं मी पहिल्यांदा बघितलं. माझीही भिंत जाड होती. नवऱ्याची पहिल्यांदा होती तेवढी नाही, पण जाड.

"हीसुद्धा उतरेल," बाई म्हणाल्या. "गोळी रोज घ्यायची. पण ओझं कमी झालं पाहिजे, कळतंय ना मी काय म्हणते?" जखमांचा कागद त्यांनी लिहून दिला, पोलिसांत जायचं तर लागेल म्हणाल्या. मी तो माझ्या रिपोर्टमध्ये घातला.

बाहेर आम्ही एसटी स्टँडापर्यंत चालत गेलो. घोलवडच्या रिक्षा तिथूनच सुटतात. भर दुपारची वेळ, स्टँड गच्च भरलेला. मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका, कॉलेजची पोरं, पिशव्या सांभाळणारी माणसं. तलासरीची गाडी लागलेली होती.

"चल," तो रिक्षाकडे वळून म्हणाला.

मी पिशवीतून त्याच्या गोळ्यांची पाकिटं काढली आणि त्याच्या हातात दिली. "संध्याकाळी जेवल्यावर. पाण्याबरोबर. आता तुमची तुम्ही घ्या. मी आईकडे चालले."

त्याचे डोळे बदलले. ते डोळे मला पाठ होते. उजवा हात वर गेला, खांद्याच्याही वर, पंजा उघडा. माझं अंग सवयीनं आखडलं. आणि मग माझ्यातली ती जुनी तलासरीची तापट पोरगी उसळली, मी मान वर केली आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले.

"मारा! मारा की! पण सगळ्यांनी ऐका, यांचं प्रेशर आत्ताच मोजलंय. एकशे वीस, ऐंशी! हृदय एकदम ठणठणीत आहे यांचं! आता मारा!"

टोपलीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या. कंडक्टरनं दारातून मान काढली. माझा नवरा हात वर धरून तसाच उभा होता, आणि मला एकदम तो ट्रकवाला आठवला आणि पाण्याचा तांब्या.

हात खाली आला. सावकाश, कुठंही न थरथरता, खिशात जाऊन बसला. त्याला त्यासाठी गोळी लागली नाही की वर्षं लागली नाहीत. इतकी माणसं बघत होती, एवढं पुरलं. तो हात त्याला दरवेळीच खाली घेता येत होता.

कंडक्टरनं घंटी मारली. मी माझा रिपोर्ट काखेत धरला आणि तलासरीच्या गाडीत चढले.